रेडीची खाण, रेडीचं बंदर आणि बाबांचं फील्ड बुक

खामलेकर | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. माळा आवरायला घेतला आणि एक पत्र्याची पेटी उघडली, त्यामुळे हा धागा.

माझे बाबा खाणीत सर्व्हेअर होते. आम्ही मूळचे नागपूरचेच, पण बाबांची नोकरी रेडीला. वेंगुर्ला तालुक्याचं अगदी दक्षिण टोक, पुढे तेरेखोल आणि मग गोवाच. १९७० ते १९८३ ते तिथं होते, माझा जन्म तिथलाच, सहावी संपवून आम्ही कायमचे इकडे आलो. म्हणजे मी समुद्राची गाज ऐकत झोपणारा पोरगा एकदम खामल्यात येऊन पडलो, पहिल्या उन्हाळ्यात तर मला वाटलं आपण मरतो आता.

आता मुद्दा. रेडी म्हटलं की हल्ली लोक दोनच गोष्टी सांगतात, गणपती आणि यशवंतगड. व्हिडिओवाले येतात, गडाच्या भिंतीवर चढलेली मुळं दाखवतात, दर्शन घेतात, मासे खातात आणि जातात. खाणीचं नाव कुणी काढत नाही आणि काढलं तर "तो लाल खड्डा" एवढंच. बंदरावरच्या बार्ज म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटी, समुद्रात लांब उभं असलेलं जहाज, रात्री दिसणारे त्याचे दिवे, डंपरच्या रांगा, पगाराच्या दिवशीचा बाजार, हे सगळं कुठंच लिहिलेलं नाही. त्या खाणीवर आणि बंदरावर गावातल्या दोन पिढ्या जगल्या. माझं सरळ म्हणणं आहे की हाही वारसा आहे, गडाइतकाच.

पेटीत बाबांचं एक फील्ड बुक सापडलं. लांबट वही, वर उघडणारी, कापडी पुठ्ठा, प्रत्येक पानाच्या मधोमध दोन लाल रेघा. कडांना तांबडे अंगठे उमटलेत, चाळीस वर्षांनी पण पुसत नाहीत. आकडेच आकडे आहेत, वाचायचा प्रयत्न केला पण काही ताळमेळ लागत नाही. हे कुणाला द्यावं, कसं जपावं, आणि खाण ही वारसा म्हणून धरायची की नाही, तुमचं काय मत?

तर्रीपोहे | सकाळी ९:५८

फोटो टाक ना भाऊ आधी. वहीचे पण अन् रेडीचे पण.

रामटेकवाला | सकाळी १०:२०

एकदम मनातलं लिहिलं. मी मनसरचा. आमच्याकडे नेमकं हेच आहे, फक्त समुद्र नाही. एका बाजूला मँगनीजची खाण, १९०० च्या सुमारास सुरू झालेली, आणि दुसऱ्या बाजूला उत्खननात निघालेलं वाकाटकांचं प्रवरपूर. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी म्हणतात ती. बाहेरून येणारा माणूस विटांचं बांधकाम पाहून हात जोडतो, खाणीकडे पाहत पण नाही. माझा आजोबा त्या खाणीत होता, त्याच्याबद्दल विचारायला आजपर्यंत कोणी आलं नाही राजेहो.

आरवलीची_सून_नव्हे_लेक | सकाळी ११:०५

मी रेडीच्या शेजारच्या गावातली, लग्न करून १९९६ ला नागपूरला आले. धागा वाचून आधी डोळ्यात पाणी आलं आणि मग राग पण आला, दोन्ही खरं लिहिते.

दादा तुम्ही स्टाफ क्वार्टरमधे राहिलात. आम्ही रस्त्याच्या कडेला राहिलो. डंपर जायला लागले की आई दारं लावून घ्यायची, तरी भाकरीवर धूळ. काजूची पानं लाल, आंब्याचा मोहर लाल, शाळेचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत विटकरी. पावसात डंपचं, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाचं पाणी खाली शेतात यायचं, भात कुजायचं. तक्रार घेऊन गेलं की एक बाबू पुढच्या आठवड्यात या म्हणायचा. माझ्या मावशीचं घर तर अख्खं खाणीत गेलं. पैसे मिळाले, नाही असं नाही.

त्यामुळे गड वारसा, देऊळ वारसा, मिठागरं वारसा, एकदम मान्य. खड्ड्याला वारसा म्हणायला माझा जीव होत नाही.

खामलेकर | सकाळी ११:३०

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या क्वार्टरवर पण धूळ यायची पण आम्ही पगारावर होतो, तुमचं शेत होतं, हा फरक मोठा आहे. मी खाणीची आरती करायला धागा काढला नाही. घडलं ते सगळं, धुळीसकट, नोंदलं जावं एवढंच म्हणणं आहे.

इतिहासाचा_विद्यार्थी | दुपारी १२:१५

रेडीचा इतिहास गडाच्याही फार मागे जातो, थोडं लिहितो.

बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत 'रेवतीद्वीप' येतं. ऐहोळेच्या प्रशस्तीत, म्हणजे इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा तो प्रसिद्ध लेख, त्यात मंगलेशानं रेवतीद्वीप घेतल्याचं सांगितलंय. गोव्यात मिळालेल्या ६१० च्या आसपासच्या ताम्रपटात सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा हा चालुक्यांचा अधिकारी रेवतीद्वीपावर राहून चार प्रांतांचा कारभार बघतोय असं येतं. हे रेवतीद्वीप म्हणजे आजची रेडी असं अभ्यासक मानतात. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी हे बंदर घ्यायला आरमार आलं होतं.

नंतर सावंतवाडीकर, १७४६ च्या मोहिमेत पोर्तुगीज, परत सावंत, आणि १८१९ ला इंग्रजांनी निवतीबरोबर रेडी घेतली. गड खाडीच्या तोंडावर आहे ते उगाच नाही. ज्याच्या हातात गड त्याच्या हातात खाडीतली ये-जा.

कॉटनमार्केट | दुपारी १२:४०

नुसत्या नावावरून रेवती = रेडी कसं काय? शिवाय रेडी बेट थोडीच आहे, जमिनीला जोडलेलं गाव आहे ते.

इतिहासाचा_विद्यार्थी | दुपारी १:०२

रास्त शंका. पण जुन्या लेखांत द्वीप म्हणजे दर वेळी चारी बाजूंनी पाणी असं धरत नाहीत, खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यातल्या जमिनीला पण म्हणायचे. ताम्रपट गोव्यात मिळालाय, प्रदेश लागूनच आहे, नाव जुळतं, बंदर जुनं आहे. सगळं मिळून बघायचं.

खाणमामा | दुपारी २:३०

मी ३४ वर्षं मँगनीजच्या खाणीत काढली, आता मानेवाड्याला असतो. दोन गोष्टी सांगून राहिलो, ऐकून घ्या.

एक, खनिज. रेडीचा माल लोहखनिज, त्यात मँगनीज पण मिसळलेलं असते. खाली धारवाडी काळातला जुना खडक, लाखो वर्षं कोकणातला पाऊस खाऊन वरचा भाग कुजला, त्याचा जांभा झाला अन् लोह साचत गेलं. म्हणून तिथलं खनिज पुष्कळसं भुसभुशीत, पावडरीसारखं. आमचा मनसर-कांद्रीचा माल टणक, जड, काळा कुळकुळीत. आपल्याकडच्या एका खडकाला फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं गोंडांच्या नावावरून गोंडाइट नाव दिलं, जगभर तेच चालते.

दुसरी गोष्ट बंदराची. नागपूरचा अन् समुद्राचा काय संबंध असं पोरं विचारतात. अरे विशाखापट्टणमचं बंदर बांधलं कशासाठी? मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर काढाले! आधी आपला माल मुंबई नाहीतर कलकत्त्याले जाय, लांबचा पल्ला. मग बंगाल-नागपूर रेल्वेनं रायपूर ते विजयनगरम लाइन १९३१ ला पुरी केली अन् १९३३ ला बंदर उघडलं. ७ ऑक्टोबर १९३३ ला पहिलं जहाज लागलं, 'जलदुर्गा'. म्हणजे समुद्रावरचं ते शहर वाढलं ते आपल्या रामटेक-बालाघाटकडच्या मजुरांच्या घमेल्यावर. हे तिथल्या लोकांले माहीत नाही अन् आपल्याले पण नाही.

तर्रीपोहे | दुपारी २:४१

मामा, हे मले खरंच माहीत नव्हतं. आता वायझॅगले गेलो की हक्कानं फिरतो.

मोतीबाग_लोको | दुपारी ३:१०

मामांच्या पोस्टला पुरवणी. ज्यांना बंगाल-नागपूर रेल्वेचा काळ डोळ्यांनी बघायचाय त्यांनी मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम बघा, २००२ ला सुरू झालं. छोटी इंजिनं, डबे, जुने कंदील. पोरांना घेऊन जा. छिंदवाडा-बालाघाटकडच्या नॅरोगेजवर आमची अर्धी मामेभावंडं लहानाची मोठी झाली, बंद झाली तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. रेल्वेनं निदान म्युझियम तरी केलं. खाणींचं असं कुठं आहे?

सावजी_रविवार | दुपारी ३:२५

सगळे एवढं गंभीर लिहून राहिले म्हणून विचारतो, रेडीला मटण मिळते का, की नुसता मासा?

आरवलीची_सून_नव्हे_लेक | दुपारी ३:४०

मिळतं हो, पण शिरोड्याच्या बाजारातली ताजी सुंगटं समोर असताना मटण मागाल तर तिखल्याचं भांडं तुमच्यापुढून उचलून नेतील :)

आणि शिरोड्याचं नाव आलंच आहे तर, मे १९३० मधे शिरोड्याच्या मिठागरांवर मोठा मिठाचा सत्याग्रह झाला होता. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची. १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रही तिरंगा घेऊन गेले. पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं सगळं आहे, म्हणून मला वाटतं की सांगायला खूप चांगलं असताना खड्डा कशाला.

सिव्हिल_लाइन्स | संध्याकाळी ५:५०

माझं काम खाणींच्या कागदपत्रांशी संबंधित राहिलं आहे, त्यामुळे लिहिते. रेडीशी नागपूरचा एक कागदी संबंधही आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, १९४८ साली स्थापन झालेली संस्था, तिचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समधेच. लोहखनिज काढायचं तर मायनिंग प्लॅन या ब्युरोच्या मंजुरीनं होतो, आणि २००३ पासून खाण बंद करायचा आराखडा पण द्यावा लागतो. खड्डा भरणार, की पाणी साठवणार, झाडं कुठली लावणार, कामगारांचं काय, हे सगळं त्यात यायला हवं.

त्या आराखड्यात जमीन आणि पाणी येतं. माणसांच्या आठवणी येत नाहीत, त्यासाठी रकानाच नाही. वाडी होती, विहीर होती, वाट होती, हे जुन्या नकाशात असतं आणि जुना नकाशा फडताळात कुजत असतो. त्यामुळे खामलेकर, ती वही कुणाला देऊन टाकण्याआधी प्रत्येक पान नीट स्कॅन करा. सपाट ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेप लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा आधी, आपल्या पावसाळ्यात आत घाम धरतो.

प्रतापनगर | संध्याकाळी ६:३०

मी व्हीएनआयटीचा, मायनिंग केलं. इंटर्नशिपला गोव्याच्या खाणी पाहिल्या, तेव्हा रेडीला पण एक चक्कर झाली होती. मधली वर्षं कुणी लिहिली नाहीत म्हणून सांगतो. आधी जपान मोठं गिऱ्हाईक, त्याला चांगल्या प्रतीचा माल लागायचा, हलका माल डंपवर फेकायचे. २००० नंतर चीनची मागणी आली आणि तोच हलका माल, जुने डंप उकरून उकरून विकला गेला. रस्त्यावर डंपर मावत नव्हते ते दिवस हेच. मग २०११ च्या डिसेंबरमधे निर्यात शुल्क ३० टक्के झालं, २०१२ ला शेजारी गोव्यात सुप्रीम कोर्टानं खाणकाम थांबवलं, आणि त्या सगळ्या पट्ट्याचं गणितच बदललं. कर्ज काढून घेतलेले डंपर दारात उभे राहिले. त्या गावांत मी हे डोळ्यांनी पाहिलंय, टायरखाली गवत उगवलेलं.

कॉटनमार्केट | संध्याकाळी ६:४४

गणपती खाणीत सापडला म्हणतात ते काय आहे?

खामलेकर | संध्याकाळी ७:२०

१९७६ ची गोष्ट. खाणीवर ट्रक चालवणाऱ्या एकाला दृष्टान्त झाला, त्या जागी खणलं आणि मोठी दोन हातांची गणेशमूर्ती निघाली असं सगळे सांगतात. काही दिवसांनी उंदीरही सापडला. मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच की बाबा भरदुपारी घरी आले, ते कधीच दुपारी यायचे नाहीत, आणि आईला म्हणाले चल, पोराला पण घे. त्यांनी बूट बाहेर काढले, पाय धुतले, आणि मला खांद्यावर घेतलं. गर्दीत मला फक्त लाल डोकी दिसत होती, कामावरून तसेच आलेले लोक, केसांत धूळ. आजचं देऊळ पाहणाऱ्याला कळायला हवं की त्याचा पहिला भक्त खाणकामगार होता.

रात्री वहीचे फोटो टाकतो.

खामलेकर | रात्री ९:५५

पान १३ ते १६ चे फोटो टाकलेत. बघा कुणाला काही कळतं का. मधल्या रेघांमधे आकडे, बाजूला बारीक चित्रं आणि अक्षरं. वरून वाचत गेलो तर आकडा ११४ पासून सुरू होतो आणि कमी कमी होत शून्यावर येतो. बाबा असं उलटं का लिहीत होते?

साखळी_आणि_झेंडे | रात्री १०:३०

मी आयुष्यभर सर्व्हे केला, आता वय ७६. नातू टाइप करून देतोय.

बाळा, बाबा उलटं लिहीत नव्हते, तू उलटं वाचतोयस. साखळी मोजणीची वही खालून वर लिहितात. माणूस उभा राहून समोर चालत जातो ना, वही हातात तशीच, म्हणजे पानाच्या खालून वरच्या दिशेला जायचं. मधल्या दोन लाल रेघा म्हणजे जमिनीवर ताणलेली मोजणीची साखळी. त्यातला आकडा म्हणजे सुरुवातीपासून किती मीटर आलो. डावीकडे लिहिलं ते चालताना डाव्या हाताला, उजवीकडचं उजव्या हाताला, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे साखळीपासून ती वस्तू किती लांब.

पान १३ च्या तळाशी 'स्टे. ४' आहे, म्हणजे स्टेशन ४, जिथून साखळी सुरू होते तो बिंदू, बाजूला बाण काढून 'ग. वाय. बु.' आणि अंश लिहिलेत. अक्षर फार सुंदर आहे तुझ्या बाबांचं. मला वाटतं ते 'गड, वायव्य बुरूज' असावं. मोजणी सुरू करताना आपण लांबच्या न हलणाऱ्या खुणेचा कोन धरतो. झाड तुटतं, घर पडतं, म्हणून गडाचा बुरूज घेतला असणार. मीही असंच करायचो.

इतिहासाचा_विद्यार्थी | रात्री १०:४१

काका, अंगावर काटा आला.

रामटेकवाला | रात्री १०:४५

म्हणजे खाणीचा नकाशा गडाला बांधलेला!

खामलेकर | रात्री ११:५०

काका, तुमच्या पाया पडतो. वही उलटी नाही, मी उलटा वाचत होतो. आता तळापासून वाचतोय आणि अक्षरशः बाबांच्या मागे चालल्यासारखं वाटतंय.

स्टेशन ४ पासून निघाले. १२ मीटरवर उजवीकडे काजू, तीन झाडं. २७ ला पायवाट साखळी ओलांडते. ४१ ला डावीकडे ६.८० वर गोल काढलाय, 'विहीर, चिरेबंदी'. ४८ ला डावीकडेच ११.२० वर चौकोन, 'घर, कौलारू'. त्याच्या पुढे 'तुळस' असं लिहिलंय, तिला पण मोजलंय, ९.४०. ७० च्या पुढे उतार. ११४ ला स्टेशन ५.

तारीख फेब्रुवारी १९७४. आज तिथं काहीच नाही, सगळा भाग खड्ड्यात आहे, मी दोन वर्षांपूर्वी काठावर उभा राहून आलोय.

आरवलीची_सून_नव्हे_लेक | सोमवार, सकाळी ६:१५

रात्रभर झोप नाही. दादा, त्या विहिरीवरून बंदर दिसतं का? म्हणजे उतार कुठल्या अंगाला आहे?

खामलेकर | सकाळी ७:०२

पान १४ वर उताराच्या बाजूला बाण आहे आणि 'जेटीकडे' असं लिहिलंय. हो, बंदराच्याच बाजूला.

आरवलीची_सून_नव्हे_लेक | सकाळी ७:३०

मावशीच्या अंगणातून बार्ज दिसायच्या. विहीर घराच्या आधी, तुळस विहीर आणि घराच्या मधे. तेच आहे असं मी छातीठोक नाही सांगू शकत, वाडीत अजून घरं होती. पण घराआधी विहीर आमच्याच मावशीची होती, येणारा-जाणारा आधी पाणी पिऊन मग हाक मारायचा.

आता फोन केला होता तिला. ८१ वर्षांची आहे, शिरोड्याला मुलाकडे असते. वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "घर काय गो, दुसरा बांधूक येता. पण ती बाव खंय गावतली?" आणि मग विचारलं की तुळशीचं पण लिवलंय काय.

खाणमामा | सकाळी ८:१०

पोरी, मावशीले विचारून वाडीतल्या बाकी घरांची नावं लिहून घे. आजच घे.

सिव्हिल_लाइन्स | सकाळी ९:२५

मामा म्हणतात ते करा, आणि बोलणं रेकॉर्ड करा. वही आणि मावशींच्या आठवणी एकत्र ठेवल्या तर अर्धी वाडी कागदावर परत उभी राहील. खामलेकर, पूर्ण वही स्कॅन झाली की काकांकडून सगळ्या पानांचा एक सलग नकाशा काढून घेता येईल का?

साखळी_आणि_झेंडे | सकाळी १०:००

काढतो. ड्रॉइंग बोर्ड अजून आहे घरी. मोठा कागद आणा. रविवारी चहाला या सगळे, त्रिमूर्तीनगर.

खामलेकर | सकाळी १०:२०

येतो काका, वही घेऊनच येतो. ताई, पान १३ आणि १४ मोठ्या आकारात प्रिंट करून आज दुपारी कुरियर करतो, मावशींचा शिरोड्याचा पत्ता मला मेसेजमधे पाठवा, इथं टाकू नका. अक्षर बारीक आहे, त्यांना दिसावं म्हणून विहीर आणि तुळस यांच्याभोवती पेन्सिलीनं हलकं वर्तुळ करू का?

आरवलीची_सून_नव्हे_लेक | सकाळी १०:२४

नको दादा. तशीच पाठवा. ती शोधेल.